टेलरबाई आणि नियम तीन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विधी विद्यालयाच्या नियामक मंडळाचे पहिल्या दिवसापासूनचे प्रमुख, सन्माननीय निवृत्त न्यायमूर्ती साहेब. या संस्थेला जागतिक दर्जाची करून सोडण्याचा विडा ज्यांनी तीन वर्षांपूर्वी उचलला आणि अजून खाली ठेवलेला नाही, ते आमचे संचालक महोदय. व्यासपीठावरचे मंडळाचे इतर सात सदस्य, ज्यांचं कर्तृत्व सूत्रसंचालकांनी इतकं तपशीलवार सांगितलं की ऐकताना त्यांना स्वतःलाही नवल वाटलं असावं. माझे सहकारी प्राध्यापक. पुढच्या रांगांतले दिवसाचे विद्यार्थी. मागे भिंतीला टेकून उभे असलेले सायंवर्गाचे विद्यार्थी. आणि जिथून सभागृहाला त्यांचा जेमतेम एक खांदा दिसतो अशा, फुलदाणीमागच्या खुर्चीवर ज्यांना आपण मानाने बसवलं आहे, त्या आजच्या सत्कारमूर्ती टेलरबाई.

मला चार मिनिटं दिली आहेत. मी इथे मसुदालेखन शिकवतो. चार मिनिटांची गोष्ट चाळीस मिनिटांची कशी करायची, हाच माझा विषय. तेव्हा घड्याळाकडे पाहू नये, ही पहिली विनंती. मी या मंडळाचा सचिवही आहे, स्थापनेपासून. मला मतदानाचा हक्क नाही. जे घडतं ते लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम. म्हणून मी आज फक्त लिहून ठेवलेलं सांगणार आहे.

सोळा वर्षांपूर्वी हे विद्यालय सुरू झालं तेव्हा ही काचेची इमारत नव्हती. बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजचे दोन मजले आपल्याला मिळाले होते. आज जिथे अभिरूप न्यायालय आहे तिथे संगमरवर आहे. तेव्हा ते बॅटरीच्या खोलीत भरायचं, आणि उलटतपासणी करणाऱ्याच्या डोळ्यांतून ॲसिडच्या वासाने पाणी यायचं. साक्षीदाराला वाटायचं, वकिलाला आपली दया आली.

सरकारने मंजुरी देताना एक अट घातली होती: हे विद्यालय लोकांचं असावं. मंडळी, अट साधी होती. पण ती सात कायदेपंडितांच्या हातात पडली. आमची समिती अकरा दिवस बसली. त्यातले नऊ दिवस बोधचिन्हावर गेले. तराजूचं कोणतं पारडं वर दाखवायचं? साहेबांचं म्हणणं उजवं. दुसऱ्या एका सदस्याचं म्हणणं दोन्ही समान, कारण न्याय समान असतो. त्यावर साहेब म्हणाले, "समानच असेल तर तोलायचं कशाला?" असा तो नऊ दिवसांचा विचारमंथनाचा सोहळा. कार्यवृत्त माझ्याकडे आहे, ज्याला झोप येत नसेल त्याने मागून घ्यावं.

दहाव्या दिवशी सचिवालयातून एका अवर सचिव बाईंचा निरोप आला. फाइलीत सामान्य माणसाचा सहभाग कुठे दिसत नाही, काहीतरी घाला, नाहीतर मंजुरी अडेल. दुपारचे साडेचार वाजले होते. सगळ्यांना घरी जायचं होतं. साहेब मला म्हणाले, "तुम्ही चांगलं लिहिता, घाला काहीतरी." आणि मी घातलं. नियम क्रमांक तीन. पाठ आहे, सांगतो. "मंडळावर कायद्याचं शिक्षण नसलेला एक सामान्य सदस्य असेल. विद्यालयाचा कोणताही नियम, मग तो नवा असो वा जुन्यातला बदल, या सदस्याने तो वाचून, स्वतःच्या हाताने 'मला समजले' असे लिहून सही केल्याच्या दिवसापासून लागू होईल. नियम पसंत आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सामान्य सदस्याला नसेल."

शेवटचं वाक्य मी सावधगिरी म्हणून घातलं. एकदा सामान्य माणसाला आत घेतला की त्याला मतं फुटतात. समितीला नियम आवडला. हसत हसत मंजूर झाला. मलाही तो शोभेचाच वाटला होता, खोटं कशाला बोलू?

आता असा माणूस आणायचा कुठून? दुसऱ्या दिवशी सकाळी नाव कळवायचं होतं. उद्घाटनासाठी झगे शिवायला टाकायचे होते, म्हणून कोर्टासमोरच्या गाळ्यात वकिलांचे काळे कोट शिवणाऱ्या बाई मापं घ्यायला आल्या होत्या. साहेब दोन्ही हात पसरून उभे होते. बाईंच्या गळ्यात टेप, कानावर खडू. साहेबांनी तसंच उभ्या उभ्या विचारलं, "काय हो, तुम्ही कायदा शिकला आहात का?"

"नाही साहेब. हात जरा वर घ्या."

"मग आमच्या मंडळावर या."

"काय करायचं असतं तिथे?"

"काही नाही हो. वर्षातून चारदा चहा प्यायचा आणि सही करायची."

टेलरबाईंनी खांद्याचं माप वहीत लिहिलं आणि विचारलं, "कशावर सही?"

तिथेच आम्हाला शहाणपण यायला हवं होतं. पण आम्ही विद्वान होतो. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरी आहे. गरीब गाय आहे."

पहिली बैठक बॅटरीच्या खोलीतच झाली. पहिला नियम होता प्रवेशाचा. तो मी लिहिला होता, एकाच वाक्यात, एकशे चौसष्ट शब्द. अभिमान होता मला त्याचा. त्या वाक्यात सात वेळा 'तथापि' होतं. बाईंनी चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "नाही समजलं."

मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता तुम्ही तोंडी सांगितलंत ते समजलं. हे लिहिलंय ते नाही समजलं. मग तोंडी सांगितलंत तेच लिहा की."

एका सदस्याने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, गाढवापुढे वाचली गीता. कान जवळच होते, बाईंनी ऐकलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पिशवीतून एक बाही काढून टीप घालायला बसल्या. मी घरी गेलो तो धुमसत. बायकोला म्हटलं, "कोट शिवणारी बाई मला मसुदा शिकवते." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तिने निदान वाचला तरी. मी पंचवीस वर्षं तुमचं लिहिणं न वाचताच छान म्हणतेय."

सात महिने, मंडळी. सात महिने एकही नियम लागू झाला नाही. उद्घाटन तीनदा पुढे गेलं. साहेबांचा झगा कपाटात लटकून राहिला आणि शेवटी साहेबच त्यात मावेनात, त्याची शिवण बाईंनीच उसवून दिली. बाई काही आडमुठ्या नव्हत्या. त्या फक्त विचारायच्या. अर्जदाराने कार्यालयीन वेळेत तीनदा स्वतः हजर राहावं, असा माझा एक नियम होता. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बटणं लावणारी बाई आहे. तिला वकील व्हायचं असेल तर तिने कधी यायचं?" त्यांनी पुन्हा विचारलं, "ती आली तर तिचा वर्ग कधी?" तेव्हा लक्षात आलं की लोकांचं विद्यालय काढताना आम्ही लोक कामावर असतात हेच विसरलो होतो. अकरा दिवसांत, सात पंडितांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. तराजू मात्र झकास झाला होता.

त्या एका प्रश्नातून सायंवर्ग निघाला. मागे उभे असलेले तुम्ही सगळे त्या प्रश्नातून आलेले आहात. त्यात बसकंडक्टर आहेत, नर्स आहेत, पहारेकरी आहेत, कोर्टाचं समन्स वाटणारे एक गृहस्थ आहेत, ज्यांना आता स्वतःचं समन्स वाचता येतं. आजवर चारशे बारा जण त्या वर्गातून सनद घेऊन बाहेर पडले. दिवसाच्या वर्गातून किती पडले आणि त्यातले किती प्रत्यक्ष कोर्टाची पायरी चढले, हा आकडा मी सौजन्य म्हणून सांगत नाही.

आणि आमचं काय झालं? आमची कीर्ती झाली. ज्यांना वाचताच समजतात असे नियम असलेलं विद्यालय म्हणून लोक लांबून पाहायला यायला लागले. साहेब परदेशांतल्या परिषदांना गेले. सोप्या भाषेतल्या कायद्याची त्यांची दृष्टी, असं त्यांच्या व्याख्यानाचं शीर्षक असतं. अठ्ठावन्न स्लाइड्स आहेत त्यात, मीच करून दिल्या. टेलरबाई त्यातल्या एकीत आहेत. साहेबांच्या मागे, साहेबांचा झगा धरून.

मीही मागे राहिलो नाही. मी पुस्तक लिहिलं. चार आवृत्त्या निघाल्या. पुरस्कार मिळाला, हार गळ्यात पडला, त्या वेळी मी नम्र चेहरा कसा केला होता ते माझ्या बायकोला विचारा, ती अजून नक्कल करून दाखवते. पुस्तक मी 'माझ्या सहकाऱ्यांना' अर्पण केलं आहे. त्या पुस्तकातला प्रत्येक धडा म्हणजे बाईंचा एकेक प्रश्न आहे. तेव्हा या व्यासपीठावर मी कोणाची कीव करत असेन तर रांगेत पहिला नंबर माझा लावावा.

मग ही इमारत झाली. संचालक महोदय आले. इथे आता झाडांनाही पाट्या आहेत. पण जागतिक दर्जाच्या आड एक गोष्ट येत होती. संध्याकाळी सहानंतर ग्रंथालयात लोक डबे घेऊन येतात. गणवेशात येतात. वाचता वाचता डुलकी घेतात. बैठकीत संचालक म्हणाले, आणि हे कार्यवृत्तात आहे, "संध्याकाळचे विद्यार्थी माहितीपुस्तिकेच्या फोटोत बरे दिसत नाहीत."

फोटोत बरे दिसत नाहीत. आपण इथे कायदा शिकवतो, मंडळी.

या वर्षाच्या सुरुवातीला एक नियम मंडळासमोर आला. सायंकालीन अध्ययनप्रवाहाचे दिवसकालीन प्रवाहात गुणवत्तानिष्ठ विलीनीकरण. टेलरबाईंनी चष्मा लावला. वाचलं. विचारलं, "विलीनीकरण म्हणजे बंद का?"

संचालक म्हणाले, "बंद नाही. विलीन."

"मग संध्याकाळी वर्गात दिवा लागणार?"

"नाही. ऊर्जेचं नियोजन आहे."

"नाही समजलं," बाई म्हणाल्या.

बैठकीनंतर साहेब जिन्यात म्हणाले, "बाई अडवणूक करते आहे." साहेब, आपण एकतीस वर्षं न्यायदान केलंत. पुरावा बघून निकाल द्यायची सवय मध्ये कुठे सुटली? अडवणूक कशाला म्हणतात ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी सायंवर्गाची परीक्षा सकाळी सातला घ्यायचा नियम आला होता. एका ओळीचा, स्वच्छ. बाईंची सख्खी भाची त्या वर्गात होती, रात्रपाळीची नर्स. तिची पाळी सुटायची साडेसातला. बाईंनी नियम वाचला. 'मला समजले' लिहिलं, सही केली. म्हणाल्या, "वाईट आहे. पण समजलं." भाचीचं एक वर्ष गेलं. ती दोन महिने आत्याशी बोलत नव्हती. नियम तीनचं शेवटचं वाक्य, जे मी सामान्य माणसाला वेसण म्हणून घातलं होतं, ते या इमारतीत फक्त एका माणसाने पाळलं आहे.

म्हणजे संचालक महोदयांना काय करायचं होतं? फक्त सरळ लिहायचं होतं. सायंवर्ग बंद. दोन शब्द. बाईंना सही करावीच लागली असती आणि त्यांनी ती केलीही असती. पण ते दोन शब्द लिहायची छाती नऊ जणांपैकी एकाचीही झाली नाही. कारण ते शब्द मग तुम्हालाही समजले असते, मागे उभे असलेल्यांना. वर्तमानपत्रालाही समजले असते. तेव्हा शब्द बदलण्यापेक्षा वाचणारी बाई बदलणं सोपं, असं ठरलं.

गेल्या महिन्यात नियम तीन रद्द करण्याचा ठराव आला. मंडळाच्या रचनेचे सुसूत्रीकरण असं त्याचं नाव. मसुदा माझा. हो, माझाच. मी दोन महिन्यांनी निवृत्त होतो आहे. संचालकांनी दोन वर्षांची मुदतवाढ देऊ केली आणि मी 'सुसूत्रीकरण' हा शब्द शोधून दिला. बाईंचा हितसंबंध आहे म्हणून त्यांना बाहेर बसवलं. व्हरांड्यातल्या बाकावर त्या कोणाच्या तरी कोटाला अस्तर लावत बसल्या. आत नऊ हात वर झाले. बाहेर येऊन संचालक त्यांना म्हणाले, "बाई, आम्ही तुमचा मोठा सत्कार करायचं ठरवलंय."

तो हा सत्कार.

आता आजचं. पाऊण तासापूर्वी आपण सगळे खाली चहा घेत होतो. बाईंच्या हातात ते चौकटीतलं मानपत्र दिलं होतं, फोटोसाठी आधीच. त्यांनी ते वाचलं. 'आपल्या निरलस व्रतस्थ योगदानाचे परिमल' वगैरे. मला म्हणाल्या, "सर, यात काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "तुम्ही आता येऊ नका, असं लिहिलंय."

"असं होय," त्या म्हणाल्या. आणि सोळा वर्षांच्या सवयीने त्यांनी पिशवीतून पेन काढलं. "मग यावर समजलं असं कुठे लिहायचं?"

मी हसलो. आणि मग माझा कप हातातच राहिला.

साहेब, बसा. आपण उठू नका, मी संपवतोच आहे.

विद्यालयाचा कोणताही नियम, नवा असो वा जुन्यातला बदल, सामान्य सदस्याने 'मला समजले' असे लिहून सही केल्याच्या दिवसापासून लागू होईल. कोणताही नियम, मंडळी. नियम तीन काढून टाकण्याचा नियमसुद्धा. तो बाईंसमोर ठेवलाच नाही. त्यांना बाकावर बसवलं होतं ना आपण? नऊ कायदेपंडित, त्यांतले एक तर माजी न्यायमूर्ती, आणि ज्याने तो नियम स्वतःच्या हाताने लिहिला तो हा मसुदालेखनाचा प्राध्यापक. एकाच्याही डोक्यात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. हीच चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला नापास केला असता.

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे कायद्याची स्थिती अशी आहे. नियम तीन जागेवर आहे. टेलरबाई आजही सदस्य आहेत. विलीनीकरणावर सही नाही, म्हणून सायंवर्ग चालू आहे. आणि आपण सगळे इथे फुलं घेऊन, जी गेलेलीच नाही तिला निरोप द्यायला जमलो आहोत.

यावर उपाय आहे, संचालक महोदय. हा कोरा कागद. हे माझं पेन. मी सांगतो, आपण लिहा. "आम्हाला सायंवर्ग बंद करायचा आहे. टेलरबाई आड येतात, म्हणून त्यांना काढत आहोत." दोन वाक्यं. एकही 'तथापि' नाही. मंडळ इथेच बसलेलं आहे, हात वर करा, आणि बाई लगेच सही करतील. मी खाली चहाच्या वेळीच त्यांना विचारलं, अशा कागदावर कराल का सही? मला वाटलं, नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "समजलं तर लिहायलाच हवं. मी काय तुमच्यासारखी आहे?"

सर्वांदेखत लिहायचं आहे, एवढंच. मागच्या भिंतीपर्यंत वाचता येईल अशा अक्षरात.

कोणी पुढे येतंय का? मी थांबतो.

ठीक आहे. पेन खिशात ठेवतो. फुलदाणी तेवढी कोणीतरी बाजूला घ्या, बाई दिसत नाहीत. हां. बाई, हे मानपत्र तुम्ही वाचलंत. समजलं का?

त्या मान हलवतायत. कार्यवृत्तात लिहून घेतो: नाही समजलं.

माझ्या मुदतवाढीचं पत्रही मी संचालकांच्या समोर परत ठेवतो आहे. त्यात 'सहकार्याच्या अधीन राहून' असे शब्द आहेत. परवापर्यंत मला ते नीट समजत होते, आता समजत नाहीत. घरी मंडळी विचारेल तेव्हा काय सांगायचं ते जाताना ठरवीन.

मंडळाची पुढची बैठक मंगळवारी तीन वाजता आहे. विषयपत्रिका टेलरबाईंच्या गाळ्यावर पोचेल. त्यांचा चहा बिनसाखरेचा, हे कॅंटीनने लक्षात ठेवावं, सोळा वर्षांत एकदाही ठेवलेलं नाही.

आपण मला ऐकून घेतलंत, निदान अडवलं नाहीत, याबद्दल व्यासपीठाचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तो मी मुद्दाम ठेवला नाही असं समजून उदार मनाने पोटात घालावं. आणि ज्यांना माझं बोलणं समजलं नसेल त्यांनी कृपया हात वर करावा. मी सोपं करून पुन्हा सांगेन. तेवढं मला शिकवलेलं आहे.